विमाने पाहायला सज्जा द्या, कुंपणावरची गर्दी आपोआप हटेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान उतरताना कुंपणाकडे धावणारी पोरे सगळ्याच गावांत असतात, जळगाव त्याला अपवाद नाही. हल्ली त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि डोक्यात ‘विमाने टिपायच्या जगातल्या सर्वांत भारी जागा’ दाखवणारी रील्स. माहो बीच, हीथ्रो, हानेदा ही नावे त्यांत ठरलेली. पण या जागा चांगल्या का आहेत, हे कोणी सांगत नाही. ते कळले तर आपल्या घरच्या धावपट्टीवर काय करता येईल, हेही कळेल. म्हणून हा पत्रप्रपंच.

सेंट मार्टिन बेटावरच्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाची धावपट्टी सुमारे २,३०० मीटर लांब आहे आणि तिचे पश्चिम टोक माहोच्या वाळूला जवळजवळ भिडलेले. वारा बहुतेक काळ पूर्वेकडून. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरते, म्हणून ते समुद्रावरून येते आणि लोकांच्या डोक्यावरून जाते. इथे लांब पल्ल्याची लेन्स लागतच नाही, २४–७० मिमीची पुरते. केएलएम या डच कंपनीचे बोइंग ७४७ हे अवाढव्य विमान तिथे ऑक्टोबर २०१६ नंतर येत नाही, रील्समध्ये मात्र अजून तेच फिरते. धोका उतरणाऱ्या विमानाचा नसून उड्डाणासाठी शक्ती वाढवणाऱ्या विमानाच्या मागच्या झोताचा असतो. जुलै २०१७ मध्ये न्यूझीलंडची एक महिला त्या झोताने फेकली जाऊन मरण पावली. कुंपणाला लटकणे हा तिथला ‘अनुभव’ म्हणून विकला जातो, तो घेऊ नये.

लंडनच्या हीथ्रोजवळची मर्टल अव्हेन्यू ही गल्ली हॅटन क्रॉस स्थानकापासून पायी काही मिनिटांवर आहे. तिथे २७एल (म्हणजे पश्चिमेकडे तोंड केल्यावर डावीकडच्या) धावपट्टीवर उतरणारी विमाने अगदी जवळून मिळतात. गोम अशी, की पश्चिमेचा वारा असताना हीथ्रोची उतरण्याची धावपट्टी दुपारी ३ वाजता बदलते आणि सकाळी कोणती, दुपारी कोणती हे आठवड्यागणिक पालटते. त्याचे वेळापत्रक आधी जाहीर होते. ते न पाहता गेलेला माणूस अर्धा दिवस रिकाम्या आकाशाकडे पाहत बसतो. टोकियोच्या हानेदात टर्मिनल १ ची गच्ची पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि टर्मिनल २ ची पूर्वेकडे, म्हणजे सकाळी पहिली आणि दुपारनंतर दुसरी. ऊन कायम पाठीशी. दोन्हीकडे प्रवेश फुकट. मँचेस्टरने तर धावपट्टीशेजारी प्रेक्षकांसाठी खास उद्यान केले आहे आणि तिथे काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारे जुने प्रवासी विमान उभे करून ठेवले आहे. आमच्या मते रीलमधल्या माहोपेक्षा शिकण्यासारखे हानेदा आणि मँचेस्टर आहेत, कारण तिथे विमानतळानेच प्रेक्षकाला जागा दिली.

परवानगीचा मुद्दा हलका समजू नये. २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता हवाई तळावर १२ ब्रिटिश आणि २ डच शौकिनांना हेरगिरीच्या संशयावरून पकडले. त्यांना शिक्षाही झाली, ती पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाली. आपल्याकडे विमान नियम, १९३७ मधला १३ वा नियम सांगतो, की विमानतळावर फोटो काढायला लेखी परवानगी लागते. विमानात बसलेल्या प्रवाशाला खिडकीतून फोटो घेता येतो, असे डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले, पण कर्मचाऱ्यांनी मनाई केली की विषय संपला. पुण्याच्या लोहगावसारख्या हवाई दलाच्या विमानतळांवर उतरताना-उडताना कॅमेरा बाहेर काढूच नये. खान्देशातून नाशिककडे जाताना ओझरला सुखोई दिसले म्हणून गाडी थांबवून लेन्स लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

मुंबईत ०९/२७ ही पूर्व-पश्चिम मुख्य धावपट्टी सुमारे ३,४४८ मीटरची. वारा पश्चिमेचा असला की विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात, म्हणून कुर्ला टर्मिनसला उतरणाऱ्या आपल्या लोकांना ती अगदी डोक्यावर वाटतात. भिंतीला खेटून उभे राहण्यापेक्षा धावपट्टीकडे खिडकी असलेली हॉटेलची खोली बरी. खर्च होतो, पण चौकशीचा ससेमिरा लागत नाही. मोठी विमाने राजरोस टिपायची असतील तर विषम वर्षी फेब्रुवारीत बंगळुरूजवळच्या येलहंक्याचे एरो इंडिया आणि सम वर्षी हैदराबादच्या बेगमपेठेतले विंग्ज इंडिया ही विमान प्रदर्शने गाठावीत.

आता घरचे. जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटर, पूर्व-पश्चिम. एवढ्या लांबीवर एटीआर-७२ सारखी पंख्याची विमाने येतात, आणि पंख्याच्या विमानाचा फोटो जेटपेक्षा अवघड असतो. उड्डाणाच्या वेळी एटीआरचा पंखा मिनिटाला १,२०० म्हणजे सेकंदाला २० फेरे घेतो. शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० ठेवला तर पाते जेमतेम ७ अंश सरकते. पंखा थिजतो आणि विमान हवेत टांगल्यासारखे दिसते. १/१२५ ला पाते सुमारे ५८ अंश फिरते. पाती ६, दोन पात्यांत अंतर ६० अंश, म्हणून जवळजवळ पूर्ण गोल चकती उमटते. मात्र १/१२५ ला हात हलला की सगळेच पुसट. सुरुवात १/३२० ने करावी, पाय रोवून कमरेतून वळावे, विमानाचा वेग धरून सलग फोटो घ्यावेत आणि मग एकेक पायरी खाली यावे. लेन्समध्ये स्थिरीकरणाचे (हाताची थरथर रोखण्याचे) दोन प्रकार असतील तर बाजूने सरकणाऱ्या विषयासाठीचा निवडावा. साधा प्रकार तुमच्या वळण्यालाच थरथर समजून रोखू पाहतो.

लेन्सवर भरमसाट पैसा घालायची गरज नाही. एटीआर-७२ ची लांबी सुमारे २७ मीटर. ४०० मीटरवरून तिने चौकटीची चार पंचमांश रुंदी भरायला एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर सुमारे २८० मिमी लागतात, म्हणजे साधी ७०–३०० पुरते. फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) तेच सव्वाचारशेवर जाते.

खान्देशात खरा शत्रू उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ९ वाजून गेले की जमिनीवरची तापलेली हवा थरथरते, रस्त्यावर मृगजळ दिसते तेच लेन्सपुढेही असते. विमानाची अक्षरे वितळल्यासारखी येतात आणि लोक लेन्सला दोष देतात. महाग लेन्सने हे सुटत नाही; लांबची लेन्स थरथर आणखी मोठी करून दाखवते. उपाय तीनच: सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास, अंतर कमी, आणि धावपट्टीवरचे विमान सोडून आकाशातले घेणे. नांगरलेल्या काळ्या रानावरून थरथर जास्त, उभ्या पिकावरून कमी. पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरते. तो पिशवीतच २०–३० मिनिटे राहू द्यावा.

उत्तम काळ भरीत पार्ट्यांचा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणून धावपट्टीच्या दक्षिणेला उभे राहिले तर दिवसभर विमानाच्या अंगावर ऊन पडते. उन्हाळ्यात गणित उलटते. २१ मार्चनंतर सूर्य ईशान्येकडून उगवतो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर आपल्या अक्षांशावर तो दुपारीही किंचित उत्तरेला असतो. तेव्हा सकाळी उत्तरेची बाजू बरी.

हात बसवायला प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांसारखे दुसरे काही नाही. धुळ्याजवळ गोंदूर आणि शिरपूर इथल्या धावपट्ट्यांवर ती उडतात. एकच विमान टेकून पुन्हा उडत साधारण ५ ते ७ मिनिटांनी त्याच वाटेने येते. घिरटी प्रमाणपद्धतीने डावीकडून असते, म्हणून पश्चिमेकडे तोंड करून उतरत असेल तर ते दक्षिणेच्या बाजूने फिरून येणार. यांचा पंखा दोन पात्यांचा असला तरी एटीआरपेक्षा बराच जलद फिरतो, म्हणून १/१६० ते १/२५० पुरेसे. धावपट्टीच्या आवारात मात्र चालकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि खाण्याचे कागद-उष्टे मागे टाकू नये. त्यावर घारी जमतात आणि घार इंजिनात गेली की खेळ वैमानिकाच्या जिवाशी.

जळगाव विमानतळ प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे. धावपट्टीच्या दक्षिणेला, सुरक्षा कुंपणाबाहेर, छत असलेला एक सज्जा द्यावा. काच नको, काचेत आपलेच प्रतिबिंब येते आणि दोन काचांमध्ये तर दुप्पट. जाळी लावावी आणि तिला छातीच्या उंचीवर १० सेंटीमीटर व्यासाची गोल भोके ठेवावीत, नेहमीच्या टेलिलेन्सचे तोंड त्यात बसते. बाहेर काही विमानतळांनी असे केलेच आहे. लहान मुलांसाठी तीच भोके अडीच फुटांवरही हवीत. ओळखपत्राची नोंद, माफक तिकीट, आणि सज्जा फक्त विमानाच्या वेळेआधी व नंतर अर्धा-अर्धा तास उघडा. सुरक्षारक्षक एकच लागेल. १३ व्या नियमाखालची परवानगी प्रत्येकाने वेगळी मागण्यापेक्षा विमानतळानेच सज्जापुरती एकदा घ्यावी आणि तिची प्रत दाराशी लावावी.

आपले,
विमान छायाचित्रणाचे काही शौकीन, जळगाव