‘गेट’ म्हणजे मिळणे, एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत रोज एक इंग्रजी शब्द अर्थासह छापला जातो. नुकतंच त्यात ‘गेट’ हे क्रियापद आलं. अर्थ दिले होते चार: मिळणे, होणे, पोचणे, समजणे. चारही बरोबर आहेत. तरीही हे क्रियापद असं शिकवल्याने मुलांचं नुकसान होतं, म्हणून हे पत्र.

यादी पाठ केलेल्या मुलासमोर वाक्य आलं की चारांपैकी कुठला अर्थ लावायचा, इथे ते अडतं. ‘गेट’चा अर्थ ठरतो त्याच्या उजवीकडे काय आलंय त्यावरून, आणि ते यादीत कुठेच नसतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने २०११ मध्ये ‘रन’ या क्रियापदाची नोंद सुधारली तेव्हा त्याचे ६४५ अर्थ मोजले गेले. त्याआधी, १९८९ च्या आवृत्तीत, ‘सेट’ ४३० अर्थांसह पुढे होतं. इंग्लंडात जन्मलेल्या माणसालाही हे अर्थ पाठ नसतात. त्याच्या तोंडात बसलेले असतात ते वाक्यांचे मोजके साचे. मुलांना तेच द्यायला हवेत.

पहिला साचा, उजवीकडे नुसतं नाम. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे पत्र आलं, ‘गेट सम मिल्क’ म्हणजे दूध आण, ‘शी गॉट अ कोल्ड’ म्हणजे तिला सर्दी झाली, ‘आय डिडन्ट गेट द जोक’ म्हणजे विनोद कळला नाही. इथे मराठीच जास्त काटेकोर आहे. आपण आलं, आणलं, झाली, कळला असं दरवेळी वेगळं क्रियापद वापरतो. म्हणून मुलाने ‘गेट’कडे न बघता नामाकडे बघावं: आजार आहे, वस्तू आहे, की समजण्याची गोष्ट आहे?

या साच्यात मराठी मुलांचा एक ठरलेला घोटाळा होतो. ‘मला नोकरी मिळाली’ या वाक्यात कर्ता ‘नोकरी’ आहे आणि ‘मी’ला ‘ला’ लागलाय. हीच मांडणी इंग्रजीत नेली की ‘द जॉब गॉट टु मी’ तयार होतं. हे वाक्य व्याकरणात बसतं, पण त्याचा अर्थ होतो ‘त्या नोकरीने मला जेरीस आणलं’. ज्याला मिळालं तो इंग्रजीत कर्ता होतो, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायला हवं.

दुसरा साचा, उजवीकडे विशेषण. इथे ‘गेट’ म्हणजे होणे: ‘गेट वेट’, ‘गेट अँग्री’, ‘गेट टायर्ड’. मराठीत अशा ठिकाणी बहुधा एकच क्रियापद असतं: भिजणे, रागावणे, दमणे. ‘होणे’ शोधत बसणारं मूल इथे भांबावतं. त्याला इतकंच सांगावं, की ‘बी’ स्थिती दाखवतं आणि ‘गेट’ त्या स्थितीत जाणं. ‘शी इज मॅरीड’ म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे. ‘शी गॉट मॅरीड इन २०१५’ म्हणजे २०१५ मध्ये तिचं लग्न झालं. मुलाखतीत आणि अर्जात सर्रास दिसणारं ‘आय अ‍ॅम मॅरीड इन २०१५’ चुकतं ते यामुळेच. मराठीतलं ‘झालं’ स्थितीलाही चालतं आणि घटनेलाही.

पण हे ‘होणे’ फक्त विशेषणापुरतं. ‘ती डॉक्टर झाली’ याचं ‘शी गॉट अ डॉक्टर’ केलं तर अर्थ होतो ‘तिने डॉक्टर आणला’, कारण उजवीकडे नाम आलं आणि आपण परत पहिल्या साच्यात गेलो. तिथे ‘बिकेम’च हवं. काही विशेषणांना ‘गेट’ चालतच नाही. टक्कल पडणे म्हणजे ‘गो बॉल्ड’, दूध नासणे म्हणजे ‘गो ऑफ’ किंवा ‘गो सावर’. बिघडण्याच्या कितीतरी गोष्टी इंग्रजी ‘गो’कडे सोपवते.

जागेचा साचा सोपा आहे. ‘गेट टु स्कूल’, ‘गेट टु पुणे’, पण ‘गेट होम’, ‘गेट हिअर’, ‘गेट देअर’. या तिघांआधी ‘टु’ येत नाही. वाहनात चढण्या-उतरण्याची खूण अशी: आत गेल्यावर उभं राहता येतं, चालता येतं, ते ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. बस, लोकल, विमान, बोट यांना हेच. वाकून आत शिरून बसावं लागतं, ते ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’. मोटार आणि रिक्षा त्यात येतात. घोडा आणि सायकल यांच्यावर स्वार व्हायचं, म्हणून परत ‘ऑन’.

सगळ्यात जास्त चुका होतात करवून घेण्याच्या साच्यात, आणि पुरवणीच्या यादीत नेमका तोच नव्हता. आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘मी केस कापले’, ‘मी दात काढला’, ‘मी डोळे तपासले’. काम न्हाव्याने किंवा डॉक्टरने केलं हे ऐकणाऱ्याला कळतं. पण ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की इंग्रजी ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर तुम्ही स्वतः कात्री घेऊन आरशासमोर उभे राहता. ‘आय पुल्ड आउट माय टूथ’ ऐकून तर तो दचकेल. हवं ते असं: ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय आइज टेस्टेड’.

इथे क्रम पक्का आहे. आधी ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काळ बदलला तर बदल फक्त ‘गेट’मध्ये होतो, तिसरं रूप हलत नाही: ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’, ‘आय विल गेट माय बाइक रिपेअर्ड’. मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे ‘आय गॉट रिपेअर्ड माय बाइक’. ‘दुरुस्त करून घेतली’ हे मराठीत एकसंध येतं, मध्ये वस्तू घालायची आपल्याला सवय नाही, म्हणून ती दोन क्रियापदं एकमेकांना चिकटतात. दुसरं म्हणजे ‘विल गेट माय बाइक रिपेअर’. शेवटचा ‘ड’ ऐकताना जवळजवळ लोपतो, मग लिहितानाही राहून जातो. दहा वाक्यं मोठ्याने म्हणून वहीत उतरवली आणि प्रत्येक ‘ड’ खाली रेघ मारली, तर ही चूक लवकर सुटते.

वस्तूच्या जागी माणूस आला आणि काम त्यानेच करायचं असलं, की मध्ये ‘टु’ येतो: ‘आय गॉट हिम टु साइन’. त्याला पटवलं, गळ घातली, राजी केलं आणि सही घेतली. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे त्याला सही करायला भाग पाडलं, आणि तिथे ‘टु’ नाही. आपलं ‘करायला लावलं’ दोन्हीकडे खपतं. म्हणून तक्रार अर्जात किंवा जबाबात चुकीचा पर्याय पडला तर भलताच आरोप होऊन बसतो.

‘गेट’नंतर तिसरं रूप थेट आलं तर ते कर्मणी: ‘ही गॉट फायर्ड’, त्याला कामावरून काढलं. बोलण्यात हे चालतं. बातमीत ‘वॉज अरेस्टेड’ लिहावं, ‘गॉट अरेस्टेड’ नको.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिलं तो भाग. ‘गेट टु’ आणि पुढे क्रियापद. ‘वुई गॉट टु सी अ टायगर’ म्हणजे ताडोब्याला वाघ बघायला मिळाला. मराठीत ‘बघायला मिळाला’ ही हुबेहूब हीच रचना आहे, तोच संधीचा भाव. क्रियापदाला ‘-ायला’ लावा, पुढे ‘मिळणे’ ठेवा, झालं. शिकवणाऱ्याने हा धागा हाती दिला तर या साच्याला पाच मिनिटं पुरतात.

त्याच्याच शेजारी ‘हॅव गॉट टु’ आहे, आणि त्याचा अर्थ उलट्या टोकाचा: ‘आय हॅव गॉट टु गो’, मला जावं लागणार, जायलाच हवं. बोलताना ‘हॅव’चा फक्त ‘व्ह’ उरतो, भरभर बोलणाऱ्याच्या तोंडून तोही जातो, आणि कानावर पडतं ‘आय गॉट टु गो’. आता हे ‘मला जायला मिळालं’ आहे की ‘मला जावं लागणार’? मराठीत ‘मिळालं’ आणि ‘लागणार’ यांत गल्लत होऊच शकत नाही. इंग्रजीत ती कानाला होते. ओळखायच्या खुणा तीन. पहिली खूण काळाची. ‘यस्टरडे’सारखा भूतकाळाचा शब्द असेल तर ‘मिळालं’, ‘नाउ’ किंवा ‘टुमॉरो’ असेल तर ‘लागणार’. दुसरी उच्चाराची. सक्तीच्या अर्थी दोन शब्द एकजीव होऊन ‘गॉटा’ ऐकू येतं, संधीच्या अर्थी ते बहुधा सुटे राहतात. तिसरी नकाराची. ‘डिडन्ट गेट टु गो’ म्हणजे ‘जायला मिळालं नाही’ आणि दुसरं काही नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ‘मला जावं लागलं’ या भूतकाळासाठी ‘गॉट टु’ उपयोगाचं नाही, तिथे ‘हॅड टु’ म्हणावं. ‘काल मला थांबावं लागलं’ याचं ‘आय गॉट टु स्टे यस्टरडे’ केलं, तर नाइलाज सांगायला गेलेला माणूस आनंद सांगून येतो.

‘लागणे’चा विषय निघालाच आहे, तर इंग्रजीला ‘एका शब्दाचे किती अर्थ’ म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या घरात बघावं. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, आग लागते, दार लागतं, निकाल लागतो, वेड लागतं, आमटी खारट लागते, पाऊस पडू लागतो, तो माझा मावसभाऊ लागतो. हे अकरा वापर कुठल्याही मराठी मुलाला शाळेत घालण्याआधीच येतात, आणि त्याने त्यांची यादी कधी पाठ केलेली नसते. कशाबरोबर काय येतं ते त्याच्या कानाने टिपलेलं असतं. ‘गेट’ शिकण्याचा रस्ता हाच आहे. तो मुलाने एकदा चाललेला आहे, याची त्याला फक्त आठवण करून द्यावी लागते.

‘गेट’बरोबर छोटे शब्द जोडून होणाऱ्या क्रियापदांचंही तसंच. ‘गेट थ्रू’ला ‘आरपार जाणे’ असा अर्थ दिला की फोनच्या वाक्यात मूल अडतं. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागला नाही, इतकं ते सरळ आहे. ‘गेट बाय’ म्हणजे भागणे, ‘पगारात भागतंय’ मधलं. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे, सासूसुनेचं पटतं तसं. ‘गेट अवे विथ’ म्हणजे पचणे: लबाडी केली आणि त्याला ती पचली. ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणे. ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे पिच्छा सोडवणे. ‘गेट इव्हन विथ’ म्हणजे उट्टं काढणे. ‘व्हॉट आर यू गेटिंग अ‍ॅट?’ म्हणजे तुमचा रोख कशावर आहे? प्रत्येकाला मराठीत रोजचा, खणखणीत शब्द आहे. कोशातले जड अर्थ छापण्याऐवजी हे छापले तर मुलं ते विसरणार नाहीत.

उच्चाराबद्दल थोडं. सदरात उच्चार ‘गेट’ असा दिला होता. फाटकाचा ‘गेट’ही देवनागरीत तसाच लिहिला जातो. इंग्रजीत हे दोन वेगळे स्वर आहेत. फाटकाच्या ‘गेट’मधला ‘ए’ लांब आहे आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो. क्रियापदातला आखूड आहे, ‘एक्का’ म्हणताना होतो तेवढाच. आपल्या लिपीत हा फरक दाखवायची सोय नाही, म्हणून शेजारी ‘आखूड ए’ असं लिहावं. अमेरिकी बोलण्यात ‘गेट इट’ हे ‘गेडिट’सारखं ऐकू येतं, हेही सांगून ठेवलेलं बरं. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या मुलांच्या कानावर ‘गॉटन’ही पडतं. ते अशुद्ध नाही. ते जुनं रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. तिकडे ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. आपल्या परीक्षेत मात्र ‘गॉट’च लिहावं.

सरकारी किंवा नोकरीच्या पत्रव्यवहारात ‘गेट’ कमी वापरावं. पत्र मिळालं असेल तर ‘रिसीव्ड’, पोचलो असेन तर ‘अराइव्ह्ड’, समजलं असेल तर ‘अंडरस्टुड’. घरच्या पत्रात आणि बोलण्यात हेच शब्द घातले तर बोलणं ताठर होतं.

आपल्याला विनंती अशी, की क्रियापदांपुरता ‘रोज एक शब्द’ हा नेम मोडावा आणि एका क्रियापदाला पूर्ण आठवडा द्यावा. रोज एक साचा, त्याची दोन बरोबर वाक्यं, मराठी मुलं हटकून करतात ते एक चुकीचं वाक्य काट मारून, आणि ते का चुकतं याची एक ओळ. जागा आज लागते तेवढीच लागेल. गेट, टेक, मेक, डू, हॅव, गो, कम, पुट, सेट, रन, गिव्ह, कीप या बारांना बारा आठवडे पुरतील. ‘गेट’नंतर ‘टेक’ घ्यावं. ‘इट टेक्स टू अवर्स’ म्हणजे दोन तास लागतात, तेव्हा ‘लागणे’ची ओळख लगेच पुन्हा कामी येईल.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, कराड