नाट्यगृह उभं राहील, तालमीचं काय?

महोदय,

'रस्त्यांत खड्डे, नळाला पाणी नाही आणि नाट्यगृहावर कोट्यवधी रुपये कशाला?' कोल्हापूरच्या जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. चहाच्या गाड्यावर येतो, आमच्या घरातही येतो. विचारणारा माणूस नाटकाचा वैरी नसतो, वेळेवर घरपट्टी भरणारा साधा नागरिक असतो. त्याला नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून हे पत्र.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मी खासबागेजवळ रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती आणि डोळ्यांदेखत त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळत होतं. एरवी कोल्हापूरची गर्दी कधी गप्प नसते. त्या रात्री होती. माझ्या शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, मयतीला उभं राहावं तसे ते उभे होते. त्यांनी तिथे कोणती नाटकं पाहिली असतील, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून घेतलं, तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. आधी रस्ते की आधी नाटक, हा वाद घालणाऱ्यांनी महाराजांचा कारभार पाहावा. राधानगरीचं धरण हाती घेणारे तेच, १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखणारे तेच, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारेही तेच. त्याच खजिन्यातून त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आश्रय दिला, मल्लांसाठी मैदान केलं आणि त्या मैदानाला लागूनच नाटकवाल्यांना रंगमंच दिला. धरण झालं की मग गाण्याकडे बघू, असं त्यांनी म्हटलं नाही. खाँसाहेबांकडून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. त्या खर्चाचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार?

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने अंगावर घेतलं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून भरते. गावोगावचे हौशी संघ तिथे नाटक करतात, ज्यांना तिकीटविक्रीचा आधार नसतो. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १९७२ मध्ये पुण्यात झाला तो याच स्पर्धेत. कोणत्याही व्यावसायिक निर्मात्याने आधी हिशेब मांडला असता, तर एवढा मोठा संच घेऊन ते नाटक उभं करण्याच्या फंदात तो पडला असता असं मला वाटत नाही. नव्या नाटकाला पडायची मुभा लागते. ती मुभा बाजार देत नाही, सार्वजनिक पैसा देऊ शकतो.

आता माझं खरं गाऱ्हाणं. पैसा इमारतीला मिळतो, कारण इमारत दिसते. तिची कोनशिला बसवता येते. पण नाटक बसतं ते तालमीत, आणि तालमीला जागा नाही. कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते. पेठापेठांत तालमी आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. आमची तालीम मात्र एका शाळेच्या हॉलमध्ये, रात्री साडेआठनंतर, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात चालते. बाकं भिंतीला लावायची, खडूने फरशीवर रंगमंच आखायचा, विंगा म्हणून दप्तरं ठेवायची. दहा वाजले की शिपाईमामा किल्ल्या वाजवतात. त्यांचाही दोष नाही, त्यांना सकाळी सहाला शाळा उघडायची असते.

आमच्यातला एक जण एसटीत वाहक आहे. ड्युटी संपली की खाकी शर्टावरच येतो. गेल्या वर्षी एका बापाची भूमिका करताना 'जा' या एका शब्दाआधी किती थांबायचं, यासाठी त्याने अख्खी संध्याकाळ घालवली. दिवसभर माणसांना पुढे सरका म्हणणारा हा माणूस त्या एका विरामापाशी अडून बसला होता. प्रयोगाला त्याची मुलगी पहिल्या रांगेत होती आणि तो शब्द आला तेव्हा ती रडली. नेपथ्य, टेम्पो, प्रकाशयोजना, रंगभूषा धरून आमचा खर्च साठ हजारांच्या वर गेला. निम्म्याहून जास्त आम्ही खिशातून घातला, आणि वाहकाच्या खिशात किती असतं हे वेगळं सांगायला नको.

म्हणून नाट्यगृहांवर खर्च करताना महापालिकेने आणि सांस्कृतिक कार्य विभागाने तीन गोष्टींचा विचार करावा. प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहात तालमीसाठी एक साधी खोली असावी, रात्री अकरापर्यंत उघडी. सोमवार ते गुरुवार हौशी संघांना निम्म्या भाड्यात रंगमंच मिळावा, कारण त्या दिवशी तसेही पडदे बंदच असतात. आणि देखभालीचा पैसा दरवर्षी अंदाजपत्रकात वेगळा ठेवावा, त्यात विजेच्या वायरिंगची नियमित तपासणी आलीच. त्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणालाही याचं कारण विचारावं.

येत्या स्पर्धेसाठी आमची संहिता ठरली आहे. पात्रं अकरा आहेत, हॉल अजून मिळालेला नाही.

आपला,
एक हौशी रंगकर्मी, कोल्हापूर