वरची टोपली कापू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घर सजवायचा लेख वाचला, सात घोडे लावा, धबधबा लावा, घरात गोंधळाचं चित्र नको वगैरे. आमच्या बैठकीत नेमका गोंधळच टांगलाय म्हणून लिहून राहिली.

यान स्टेन नावाचा डच चित्रकार, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, घरचा धंदा बिअर बनवायचा. पसारा पडलेल्या घराला डच लोक आजही 'यान स्टेनचं घर' म्हणतात म्हणे. त्याचं 1668 चं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साईटवरून फुकट डाऊनलोड होते. सगळं घर पिऊन गाऊन राहिलं अन् पोट्टेही मोठ्यांचं पाहून पाईप ओढतात. आमचे मामाजी खर्रा आणायला नातवाला पानठेल्यावर धाडायचे. चित्र लागलं, दोन दिवस काही बोलले नाही, मग स्वतःच जायला लागले. खर्रा काही सुटला नाही, ते सोडा.

दुसरं 1663 चं, ओरिजनल व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे. घरची बाई बसल्या बसल्या झोपली, कुत्रं टेबलावर चढून खाऊन राहिलं, बारकी पोरगी कपाटातून काहीतरी ढापते, माकड घड्याळाशी खेळते. शेजारच्या बाया हे पाहूनच जास्त हसतात. मला एकच पटलं नाही, घराचा बट्ट्याबोळ झाला की दोष झोपलेल्या बाईचा! कापूस वेचून आली असंल बिचारी.

पण खरी गोम वर आहे. छताला एक टोपली टांगली आहे, तिच्यात कुबडी, तलवार, मारायच्या फोका, म्हणजे असेच मजेत राहिले तर पुढं काय डोक्यावर पडणार ते. आणि तालुक्याच्या फ्लेक्सवाल्यानं तेवढंच कापून टाकलं! म्हणे, ताई वर नुसता अंधार होता, साईजमध्ये बसत नव्हता. वरून विचारते, खाली शुभेच्छुक म्हणून नाव टाकू का? आता आमच्या भिंतीवर नुसती मजाच मजा आहे, शिक्षा गायब, मामाजी म्हणतात हेच बरं.

पुरवणीत असं एखादं चित्र छापाच साहेब, पण तुमच्या पेज लावणाऱ्या पोराला सांगा, वरून कापू नको बाप्पा.

आपली एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा