मावशी, तुमच्यामुळे मी त्या ताटावर बसले

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी मंडळीसमोर आपल्या केनियाच्या दौऱ्याचा अहवाल मी वाचला. किती घरी गेलो, सुट्टीतल्या बायबल वर्गाला किती मुलं आली, सगळं सांगितलं. तुमचा उल्लेख मात्र एका ओळीत आटोपला: ‘सोबत एक निवृत्त परिचारिका होत्या.’ घरी आल्यापासून ती ओळ मला टोचते आहे. माझा तिथे पाय टिकला तो तुमच्यामुळे, आणि हे मंडळीतल्या सगळ्यांना कळायला हवं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

सोलापुरात ऊन ४२ अंशांवर गेलं होतं तेव्हा आपण निघालो. केनियातल्या किसुमू शहरात तर मोठा पावसाळा. मार्च ते मे हाच तिकडचा मुख्य पाऊस. दुपार कलली की व्हिक्टोरिया सरोवरावरून ढग चढायचे आणि पत्र्यावर असा आवाज व्हायचा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येऊ नये. पहिल्या तीन रात्री मी मच्छरदाणीत पडून नुसती रडले. मलेरियाच्या गोळीने पोटात ढवळायचं, घरची आठवण यायची, आणि आपण इथे कशाला आलो हेच कळेना. तुम्ही शेजारच्या खाटेवर होतात. एकदाही ‘रडू नकोस’ म्हणाला नाहीत. पहाटे उठून पाणी उकळायचात, माझी बाटली भरून उशाशी ठेवायचात.

मग वेळेचा तो घोळ झाला. वर्ग ‘सा टाटू’ला, असा निरोप आला होता. टाटू म्हणजे तीन एवढं मी पाठ केलं होतं, म्हणून दुपारी तीनची तयारी करत निवांत बसले. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे पहिला तास, हे मला माहीतच नव्हतं. त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. मुलं नऊपासून चर्चच्या अंगणात येऊन बसलेली. मी धावत पोचले तेव्हा तुम्ही खडे गोळा करून त्यांच्याशी सागरगोटे खेळत होतात आणि तुम्हालाच एक मुलगी स्वाहिली आकडे शिकवत होती. त्या रात्री तुम्ही म्हणालात, “आपल्या कोटणीस डॉक्टरांनी चीनमध्ये जाऊन चिनी शिकून घेतली. तुला शंभर शब्द जड आहेत होय गं?” दुसऱ्या दिवसापासून आपण वहीत शब्द लिहायला लागलो. चाय, चपाती, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, पेसा म्हणजे पैसा. १८९६ पासून मोंबासाहून आत जो लोहमार्ग टाकला गेला, त्यावर आपल्याकडून हजारो मजूर गेले होते. त्याच्याही आधीपासून गुजराती व्यापाऱ्यांची गलबतं तिथल्या किनाऱ्याला लागायची. वहीतले शब्द वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हा मुलूख अगदीच परका नाही.

पण खरे आभार मानायचे आहेत ते कोंबडीच्या दिवसाचे.

आपण ज्या विधवा बाईंच्या घरी भेटीला गेलो, त्यांच्या अंगणात मोजून चार कोंबड्या होत्या. आपण गेलो आणि तीन राहिल्या. पाहुण्याला कोंबडी करणं हा तिथला मोठा मान. मला घास उतरेना. या लेकरांच्या तोंडचं आपण कसं खायचं, म्हणून मी पोट भरल्याचं सांगून ताट सरकवलं. बाईंचा चेहरा पडला. मी तो पाहिला, आणि तरी मला वाटत होतं की मी बरोबर वागले.

तुम्ही मराठीत, आवाज न चढवता म्हणालात, “पोरी, गप खा की. तुझ्या आईच्या ताटावरून पाहुणा उठला असता तर?” मी ताट परत ओढलं. उगालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, मुटका मोडून रश्शात बुडवला आणि सगळं संपवलं. बाईंनी न विचारता आणखी वाढलं.

परतताना तुम्ही तुमच्या आजीची गोष्ट सांगितलीत. सोलापुरात आलेल्या अमेरिकन मडमेला तिने भाकरी थापायला शिकवली होती, आणि ती मडम आजीला कायम आपली गुरू म्हणायची. इतकी वर्षं तुम्हाला ओळखते, पण ही गोष्ट मी तेव्हा प्रथम ऐकली. मी तिथे द्यायलाच गेले होते, मावशी. कुणाकडून काही घ्यावं लागेल याची तयारीच केली नव्हती.

पुढच्या रविवारी तुम्ही किबुये बाजारातून म्तामाचं पीठ आणलंत. म्तामा म्हणजे ज्वारीच, तांबडी. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचं मूळसुद्धा आफ्रिकेतलं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. पिठाला विरी नव्हती, तुम्ही उकळतं पाणी घालून मळलंत, तरी कोळशाच्या शेगडीवर पहिल्या दोन भाकऱ्या फाटल्या. तिसरी त्या बाईंनीच थापली. सोलापूरहून नेलेली शेंगाचटणी लावून त्यांनी ती खाल्ली आणि ‘एरोकामानो’ म्हणाल्या. लुओ भाषेत आभार असे मानतात.

तोच शब्द आज मी तुमच्यासाठी लिहिते. एरोकामानो, मावशी.

या रविवारी उपासनेनंतर आमच्याकडेच जेवायला या आणि थांबा. त्या बाईंना तुमच्याशी बोलायचं आहे, मुलीच्या फोनवरून. त्यांनी ‘सा साबा’ ही वेळ दिली आहे. सातवा तास, म्हणजे तिथला दुपारचा एक, आपले साडेतीन. हिशेब मी दोनदा तपासला आहे.

तुमची,
रविवार शाळेतली पोर