पथ्य नेमकं कोणी सांगायचं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय,

माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला क्रोन्स आहे. आतड्याला सूज आणि जखमा, पोटात मुरडा, वजन घटत गेलेलं. आधी टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांत भल्याभल्या तज्ज्ञांची गल्लत होते, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार जेवणाबद्दल आहे.

आजाराचं नाव कळलं आणि घरी येणारा प्रत्येक जण पथ्य सांगू लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, गहू बंद. मावशी म्हणाली, दूध तोडा, ताक द्या. पुण्याच्या एका ओळखीच्यांनी फोनवर आख्खी यादीच सांगितली: भात, भाकरी, बटाटा, साखर वर्ज्य, पोळी बदामाच्या पिठाची. आमच्याकडे बदाम परीक्षेच्या दिवसांत मोजून चार मिळतात.

या यादीला स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट म्हणतात, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत क्रोन्सच्या १९४ प्रौढ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०२१ साली निष्कर्ष छापून आले. सहा आठवड्यांनी या आहारावरच्या ४६.५ टक्के रुग्णांची लक्षणं शमली होती. भाज्या, डाळी, धान्यं, मासे असलेल्या साध्या भूमध्यसागरी आहारावर तेच प्रमाण ४३.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. एवढं कडक पथ्य गरिबाने कशासाठी पाळायचं?

मुलांचं मात्र वेगळं आहे. त्यांना सहा ते आठ आठवडे फक्त डब्यातल्या पोषक पेयावर ठेवणं हा क्रोन्सचा पहिला उपचार मानतात. त्यामुळे स्टेरॉइड टाळता येतं. आमच्या मुलाने आठ आठवडे काढले. आम्ही दार लावून फोडणी द्यायचो. त्यातच गणपती आले. एकवीस मोदकांतला एकही त्याने मागितला नाही, तेच जास्त लागलं. गुण आला. पण दुकानदाराच्या लेखी ती ‘प्रोटीन पावडर’, औषध नव्हेच, आणि सगळं बिल आमच्या खिशातून गेलं.

साहेब, डॉक्टरांनी लिहून दिलेला मुलांचा हा डबा औषध म्हणून सरकारी खर्चात धरा. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आतड्याच्या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी आहारतज्ज्ञ बसवा. आतडं अरुंद झालेल्याला शेवग्याची शेंग, मक्याचे दाणे अडकू शकतात. पण दुखणं शांत असलेल्या दुसऱ्याला भाजीच तोडायला लावली तर त्याचे हालच. हा फरक तपासणीचे कागद पाहून कोणीतरी सांगायला हवा. आणि तो आमच्या ताटातल्या नावांनी सांगा; ऑलिव्ह तेल कुठे मिळतं ते आम्हाला विचारू नका.

सध्या तो मुगाचं वरण आणि मऊ भात खातो. परवा त्याने ज्वारीची भाकरी मागितली. अर्धी दिली, आणि रात्रभर जागी राहिले.

आपली,
एका क्रोन्सग्रस्त मुलाची आई