दाट सार

पुणे,
बुधवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय नंदे,

गणपतीत तुझा निरोप आला होता, आता तुळशीची लग्नंही होऊन गेली. तू रागावली असशील आणि रागावलीस तर ते बरोबरच आहे. पण फोन करू तरी कुठून? अण्णा दिवसभर बाहेरच्या खोलीत असतात. तीस वर्षं एसटीत मागच्या सीटवरून आलेलं 'एक स्वारगेट' ऐकलेले कान आहेत ते, दार लावून कुजबुजले तरी ऐकू जातं. आणि जे सांगायचंय ते अण्णांबद्दलच आहे. म्हणून लिहायला बसले.

तब्येती सगळ्यांच्या ठीक. माझी पाठ अधूनमधून धरते, ह्यांची शुगर गोळीवर आहे, चिऊला सर्दी. झालं.

गोष्ट अशी. आई गेल्यानंतर अण्णांना वाईहून इथे आणलं, ते तुला माहीत आहे. येईनात, तुळस कोण बघेल म्हणाले, मग तुळशीची कुंडीच गाडीत घालून आणली. दोन महिने बरे गेले. मग दसऱ्याच्या सुमाराला मला वाटायला लागलं की हे वाळतायत. बंडीची बाही दंडावर लोंबायला लागली. विचारलं की म्हणायचे, "जेवतोय की. ताट बघ." ताट खरंच स्वच्छ असायचं. भाकरी संपलेली, भाजी संपलेली, ताटात पाणी फिरवलेलं.

मागच्या महिन्यात कपडे मशीनला लावताना बंडीचा खिसा चाचपला. आत कागदाची पुडी. वर्तमानपत्राचा तुकडा, उभा दुमडून मग आडवा, कडा अगदी जुळवून. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायचे ना, तीच घडी. उघडली तर आत भाकरीच्या कडा. नुसत्या कडा, नंदे. वरचा मऊ पापुद्रा खाल्लेला आणि कडक भाग जपून बांधलेला. दुसऱ्या बंडीतही तेच. खालच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा अण्णांना बघून एवढी शेपूट का हलवतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी मशीनजवळ खालीच बसले. आणि पहिली कोण आठवली असेल? तू. तुझा तो निळ्या काठाचा रुमाल, फाटकाजवळचा वाघ्या, आणि 1999 सालचा तो सगळा पावसाळा. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. तू तसं म्हणणार नाहीस.

कारण कवळी. नवी केली होती उन्हाळ्यात. खालची नीट बसत नाही, हिरडीला घासते. मी काहीतरी निमित्त काढून त्यांना दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आतली जखम मला दाखवली, चांगली तांदळाच्या दाण्याएवढी. दात गेले की जबड्याचं हाडसुद्धा हळूहळू झिजतं म्हणे, म्हणून खालची कवळी वरच्यापेक्षा जास्त त्रास देते. दोनदा घासून दिली, आता शनिवारी परत बोलावलंय. पण तीन महिने या माणसाने एक अक्षर काढलं नाही. का, तर मी साडेसातला दमून येते आणि आठला भाकऱ्या थापायला उभी राहते, तिला काय सांगायचं की मला ही चावत नाही.

मग मी ठरवलं की रात्रीचं जेवण बदलायचं. पण वाटतं तितकं ते सोपं नाही गं. पहिल्या दिवशी मुगाचं कढण केलं आणि फक्त त्यांच्या पुढ्यात ठेवलं. वाटी बघितली आणि म्हणाले, "मी आजारी आहे का?" वाटी तशीच राहिली. बरोबर आहे त्यांचं. कढण आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात. सगळे पोळी-भाजी खातायत आणि एकट्याला वाटी, म्हणजे पंगतीतून उठवल्यासारखंच झालं ते. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांनाच तेच केलं आणि म्हटलं, आज सूप. तर म्हणतात, "सूप पाखडायला असतं, प्यायला नाही." चिऊ एवढी हसली की ठसका लागला तिला. पण वाटी संपली!

तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार रात्री आमच्याकडे सूप. सगळ्यांना. माझी सगळी अक्कल आता त्यातच चालली आहे, त्यामुळे तुला ऐकावंच लागेल.

सकाळी निघताना एका भांड्यात अर्धी वाटी मुगाची डाळ आणि मूठभर भाजलेले, सालं काढलेले शेंगदाणे भिजत घालते आणि फ्रिजमध्ये ठेवते. आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी कुकर. त्यात डाळ-दाणे, पाव किलो लाल भोपळ्याच्या फोडी, एक लहान बटाटा, अर्धा कांदा, लसणीच्या चार पाकळ्या, आल्याचा तुकडा, 3 वाट्या पाणी. 3 शिट्ट्या. तेवढ्यात कपडे बदलते, देवापाशी दिवा लावते. वाफ जिरेपर्यंत दहा मिनिटं अण्णांजवळ बसते, हे एक मला नव्यानेच मिळालंय. मग वाटायचं, परत उकळायचं, वरून तुपात जिरं आणि मिरपूड. सव्वाआठला ताटं मांडलेली. साय नाही, क्रीम नाही आणि तरी असं मऊ की पळीवरून सलग धार पडते.

दाण्यांची युक्ती मला फार उशिरा सुचली. आधी काजू घालत होते, 8-10 काजू कुकरमध्येच शिजवून. छान लागतं, पण अण्णांना ते परकं लागायचं. म्हणायचे, "लग्नातल्या भाजीसारखं झालंय." मग एकादशीला दाण्याची आमटी करताना लक्षात आलं, अगं, हेच तर पाहिजे आपल्याला! शिजलेला दाणा बारीक वाटला की त्याचं तेल पाण्यात मिळून येतं आणि दाटपणा आपोआप येतो. आपल्या आया हेच तर करत आल्या. आणि डाळ का, तर भोपळा म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर नुसतं पाणी, त्याने माणसाचं अंग कसं भरणार? मुगाच्या डाळीत 100 ग्रॅमला 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. चौघांना सूप म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत थोडीच येतात, पण रोज येतात. अण्णांना दोन वाट्या वाढते.

एक सांगून ठेवते, गरम गरम मिक्सरमध्ये घालू नकोस. पहिल्या आठवड्यात घाईने भांडं वरपर्यंत भरलं, बटण दाबलं आणि आतल्या वाफेने झाकण उडालं. मनगटावर अजून डाग आहे, भिंतीवर पण आहे. आता वरचं गरम पाणी आधी दुसऱ्या पातेल्यात निथळून घेते, फोडी ताटात पसरून जरा निवू देते, तेवढ्याच थोड्या पाण्याबरोबर वाटते आणि मग राखलेलं पाणी परत घालते. दाटपणा पण असा हातात राहतो. आणि बटाटा जास्त फिरवायचा नाही. तो चिकट होतो, कपड्याला लावायची खळच ती.

बटाट्यावरून आठवलं. तू म्हणायचीस की सूपमध्ये बटाटा घालणं म्हणजे फसवणूक, कॉर्नफ्लोअरच पाहिजे. आपण त्यावरून दोन दिवस बोललो नव्हतो. तर ऐक. चिऊला कॉलेजात फ्रेंच आहे. फ्रान्समध्ये बटाट्याच्या दाट सूपला पार्मांतिएचं नाव आहे. अठराव्या शतकातला औषधं करणारा माणूस, युद्धात प्रशियाच्या कैदेत पडला, तिथे त्याला बटाटे खायला घालायचे, आणि सुटून आल्यावर त्याने सगळ्या फ्रान्सला बटाटा खायला लावला. चिऊने हे जेवताना सांगितलं. अण्णांनी घास थांबवून ऐकलं आणि मग मुक्कामाच्या गाडीच्या गोष्टी निघाल्या. रात्री महाबळेश्वरकडच्या एका खेड्यात गाडी उभी, धुकं, ड्रायव्हर टपावर पडलेला, आणि एका घरून कुणीतरी गरम कुळथाचं पिठलं आणून द्यायचं. तासभर बोलत होते. आई गेल्यापासून इतकं बोलले नव्हते. तेव्हा बटाट्याचा खटला मी जिंकले, हे मान्य कर.

आणि दुसरा खटलाही निकालात काढते. टोमॅटोच्या सूपमध्ये तू कॉइलवर दूध ओतलंस, ते फाटलं, आणि तू दुसऱ्या दिवशी दूधवाल्या भय्याशी भांडलीस. तो बिचारा निर्दोष होता, नंदे. टोमॅटोच्या आंबटपणानेच ते फाटलं. दूध घालायचंच तर फ्लॉवरमध्ये घालावं. फ्लॉवर मऊ शिजवून वाटला की तो मुळातच सायीसारखा होतो, त्यात वाटीभर दूध आणि पांढरी मिरी. गुरुवारी तेच असतं, चिऊचं आवडतं. टोमॅटोत मी दूध सोडून दाणेच घालते. पालक असेल तर कुकरमध्ये कोंडायचा नाही, तो काळपट होतो. बाकीचं शिजल्यावर उघड्या पातेल्यात दोन मिनिटं, बस.

अण्णा आता त्याला 'सूप' म्हणत नाहीत. परवा संध्याकाळी मी यायच्या आधी त्यांनी स्वतः भोपळा चिरून ठेवला होता. एकसारख्या फोडी, मोजून घेतल्यासारख्या, आणि साल वेगळ्या ताटलीत. मला म्हणाले, "आज ते दाट सार कर." सार! म्हणजे आता ते आपल्या घरचं झालं. वजन दीड किलो वाढलंय. बंडीचे खिसे मी रोज चाचपते, रिकामे असतात.

पण मला झोप येत नाही. पुडी मला सापडली हे मी त्यांना सांगितलेलं नाही. एकदा वाटतं, सांगावं. म्हणावं, अण्णा, दुखत होतं तर मला का नाही सांगितलंत, मी कोण आहे तुमची? दुसऱ्या क्षणी वाटतं, त्यांनी एवढ्या निगुतीने घडी घालून जे झाकलं ते मी का उघडायचं? आणि तिसरं वाटतं ते सगळ्यात वाईट. भाकरी लपवली तशी अजून काय काय लपवतात? छातीत दुखलं तर सांगतील का? रात्री आईची आठवण येते तेव्हा काय करतात? दोन वाजता बाहेरच्या खोलीतला दिवा लागतो, मी जागी असते, आणि उठून जात नाही.

ह्यांना विचारलं तर म्हणतात, खातायत ना आता, मग झालं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, वाईला पाठव परत. त्याचं नेहमीचंच.

म्हणून तुला विचारते. आणि विचारायच्या आधी एक कबूल करायला हवं.

त्या वर्षी तुला जेवण जात नव्हतं, तू चपात्या रुमालात बांधायचीस आणि तुला वाटायचं की कुणाला कळत नाही. मेसच्या काकूंना मी सांगितलं होतं. त्या एका रविवारी तू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होतीस, तेव्हा मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. काकूंनी काही विचारलं नाही. सोमवारपासून तुझ्या ताटात चपातीऐवजी मऊ ताकभात यायला लागला. तू मला म्हणाली होतीस, "बघ, काकू वाटतात तेवढ्या कडक नाहीत, त्यांना कसं आपोआप समजलं." मी मान डोलावली होती. ते आजपर्यंत मनात आहे.

आता तू सांग. तुला तेव्हा कळलं असतं की आम्हा दोघींना माहीत आहे, तर तू तो भात खाल्ला असतास का? की तुला बरं वाटलं असतं, कुणीतरी समोर बसून विचारलं असतं तर? माझ्यासाठी गोड करून सांगू नकोस. रागावायचं असेल तर आधी रागाव आणि मग सांग. ही गोष्ट तुझ्याइतकी कुणालाच माहीत नाही.

तुझं काही विचारलंच नाही. नागपूरचं सामान लागलं का? गुडघा कसा आहे? पोराचा प्रवेश झाला हे वहिनींकडून कळलं, त्याला माझा आशीर्वाद सांग. गॅलरीत कुंड्या ठेवल्यास का? पुढच्या पत्रात सगळं नीट विचारते, आज माफ कर.

शनिवारी चारला डॉक्टरांकडे जायचंय. फोन करायचा असेल तर साडेपाचनंतर कर. त्या वेळी अण्णा खाली कुत्र्याजवळ असतात. भाकरी बंद झाली तरी तो अजून त्यांची वाट बघतो, म्हणून मी आता रोज एक पोळी जास्त लाटते आणि दाराजवळच्या स्टुलावर ठेवते. ते जाताना उचलून नेतात. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोलत नाही.

तुझीच,
सुली