रद्द करायचं बटण

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू कामावर रुजू होशील, म्हणून हे आधीच लिहून ठेवते. नको ते काम अंगावर येतं तेव्हा साध्या तिकिटासारखंच, म्हणजे टीमच्या यादीतल्या रोजच्या कामासारखंच दिसतं: ‘सदस्यत्व रद्द करण्याचा फ्लो सुधारणे. उद्दिष्ट: गळती कमी.’ गळती म्हणजे सोडून जाणारे ग्राहक.

असं तिकीट आलं की आधी सगळे स्क्रीन ओळीने मांडून बघ. पहिला कारण विचारतो, दुसरा सवलत देतो, तिसरा ‘खात्री आहे ना?’ म्हणतो. ‘राहू द्या’चं बटण ठळक आणि ‘रद्द करा’चं करडं. यातला एकेक स्क्रीन निरुपद्रवी वाटतो, पण ओळीने आले की माणूस थकून मधेच सोडून देतो आणि पैसे कापले जात राहतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला, त्यात हेच मोजून मांडलं होतं: त्यांचं ‘प्राइम’ सदस्यत्व रद्द करायला चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. २०२५ मध्ये ते प्रकरण २५० कोटी डॉलरला मिटलं. तूही मोज. सदस्य व्हायला किती क्लिक आणि बाहेर पडायला किती, हे दोन आकडे तिकिटाखाली लिहून टाक. त्याला वकील लागत नाही.

मग ए-बी टेस्टकडे बघ (काही ग्राहकांना जुनं, काहींना नवं दाखवून केलेली तुलना), कारण खरी फसगत तिथे होते. दोन आठवड्यांत गळती घटलेली दिसते आणि सगळे खूश होतात. वैतागलेला ग्राहक पुढचं बिल कापलं गेल्यावर जागा होतो, तोवर टेस्ट बंद झालेली असते. शिवाय टिकलेल्या ग्राहकांचं श्रेय एका टीमला मिळतं. रिफंड, चार्जबॅक (ग्राहकाने बँकेमार्फत परत ओढलेले पैसे) आणि सपोर्टचे फोन दुसऱ्यांच्या हिशेबात पडतात. कोणीही खोटं बोलत नाही, तरी एकूण चित्र खोटं निघतं. म्हणून टेस्ट निदान दोन बिलं होईपर्यंत चालू ठेवायला सांग आणि हे तिन्ही आकडे त्याच डॅशबोर्डवर माग. आणखी एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो: रद्द करायला येऊन परत गेलेल्यांपैकी किती जणांनी त्यानंतर ॲप उघडलंच नाही? ते राहिलेले नाहीत गं, अडकलेले आहेत.

नुसतं ‘नाही’ म्हणू नकोस, पर्याय घेऊन जा: काही महिने थांबवायची सोय, स्वस्त प्लॅन, बिलाच्या आधी आठवण. कमावण्यात गैर काही नाही. ग्राहकाला कळत असताना कमावलेलं असावं, एवढंच.

तोंडी सांगितलेलं काम लेखी करून घे. ‘आज बोलल्याप्रमाणे मी अमुक करते आहे, माझी हरकत अशी’ एवढा मेल मॅनेजरला पुरे. उत्तर नाही आलं तर कंप्लायन्सकडे, म्हणजे कंपनी नियम पाळते का ते बघणाऱ्या विभागाकडे जा. कंपनीची कागदपत्रं मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. तेवढ्यावरून तुलाच काढतील.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे यांवरून ओळखायचं की चाचणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. २०१५ मध्ये ते उघडं पडलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या एका इंजिनिअरला अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. वरून सांगितलं होतं, एवढ्याने तो सुटला नाही.

आता पैशाचं. पगाराबरोबर कंपनीचे शेअर देऊ केले, तर ते बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काहीच नाही. ते हातात येईपर्यंत आपले धरू नकोस, त्यांच्या भरवशावर कर्जही काढू नकोस. पहिल्या पगारापासून बाजूला टाकत जा. सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत दुसरी गुंतवणूक नको. हरकतीचा मेल लिहायची वेळ आली तर कर्जाच्या हप्त्याच्या काळजीने हात अडायला नको.

तुझी,
आई